लालचा पिवळा

उल्का आगाशेची आणि माझी ओळख हॉलंडमधल्या बेस्ट गावच्या पोहण्याच्या तलावावर झाली. इथे पोरांना पोहण्याचं पहिलं सर्टिफिकेट मिळेपर्यंत आईबापांची सुटका नसते. दर शनिवारी सकाळी काचेमागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसायचं, क्लोरीनचा वास घ्यायचा आणि मशीनची कॉफी प्यायची. माझा मुलगा आणि तिची संहिता एकाच तुकडीत होते. पहिले दोन शनिवार आम्ही एकमेकींकडे बघून नुसत्या हसलो. तिसऱ्या शनिवारी तिने विचारलं, "तुम्ही पुण्याच्या का?" मी म्हटलं, डोंबिवलीची. "मग चालेल," म्हणत तिने शेजारच्या खुर्चीवरची बॅग उचलली.

आमच्या ओळखीतले बहुतेक सगळे आइंडहोवनच्या आसपास चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात. उल्काही आधी त्यातच होती. कंपनं मोजायची. यंत्र किती थरथरतं, कुठे थरथरतं आणि का, हे शोधणं तिचं काम. आठ वर्षं तिने ते केलं आणि एक दिवस सोडून दिलं. एका व्यावसायिक सायकल-शर्यतीच्या संघाने जाहिरात दिली होती. संघ लहान, ऑफिस आणि वर्कशॉप बेस्टच्या औद्योगिक वसाहतीत, तिच्या घरापासून बारा मिनिटांवर. स्वारांच्या सायकलींवर बसवलेल्या यंत्रांतून रोज जी माहिती येते ती वाचणारा माणूस त्यांना हवा होता.

इथल्या मराठी मंडळात लोक हसले. "एवढं शिकून शेवटी सायकलच्याच दुकानात?" असं कोणीतरी गणपतीच्या आरतीनंतर म्हणालं आणि सगळ्यांत मोठ्याने तिचा नवरा सतीशच हसला. तिला त्याचं काही वाटलं नाही. स्वतः ती सायकल अशी चालवायची की वळण आलं की एक पाय जमिनीला. खेळाची तिला आवड नव्हती. पण ती मला म्हणाली होती, "यंत्र थरथरलं तर ते बदलता येतं. माणूस थरथरला तर काय करायचं, हे कोणालाच नीट माहीत नाही. मला ते बघायचंय."

काम असं: स्वार दिवसभर सायकल चालवतो. पायात किती जोर होता, हृदय किती वेगाने धडधडलं, कुठल्या वळणाआधी किती मीटरवर ब्रेक दाबला, सगळं सायकलच्या हँडलवरच्या छोट्या डबीत साठतं. संध्याकाळी ते बेस्टला येतं. उल्का ते वाचून प्रत्येक स्वाराच्या नावापुढे एक रंग टाकते. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. लाल म्हणजे याला उद्या सायकलवर बसवू नका. लाल ती क्वचितच टाकायची. तीन वर्षांत चारदा.

संघात हूब फेरडोंक नावाचा एक स्वार होता. आमच्या शेजारच्याच ओइर्सखोट गावचा. छत्तीस वर्षांचा, म्हणजे त्या धंद्यात म्हाताराच. जिंकणाऱ्यांतला तो कधीच नव्हता. अशा शर्यतीत एक नायक असतो आणि बाकीचे सात त्याच्यासाठी राबतात. त्याच्या पुढे राहून वारा अडवायचा, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणायच्या, तो पडला तर थांबायचं. हूब चौदा वर्षं हेच करत होता. युरोपात तीन आठवडे चालणाऱ्या ज्या मोठ्या शर्यती आहेत, त्यातल्या सगळ्यांत मोठीत तो पाच वेळा उतरला होता आणि पाचही वेळा शेवटपर्यंत पोचला नव्हता. एकदा खांदा मोडला, दोनदा पोट बिघडलं, एकदा ताप आला. एकदा डोंगरावरच्या मुक्कामाला ठरलेल्या वेळेपेक्षा चाळीस सेकंद उशिरा आला म्हणून घरी पाठवलं गेलं. ही त्याची सहावी आणि शेवटची खेप होती. ऑक्टोबरात तो निवृत्त होणार होता.

बाकीचे स्वार सकाळी उठून फोनवर दोन आकडे दाबायचे, झोप किती आणि थकवा किती. हूब उल्काला आवाजी निरोप पाठवायचा. तिचं डच कामापुरतं, त्याचं इंग्लिश त्याहून कामापुरतं, म्हणून तो सावकाश डचमध्ये बोलायचा. रात्री काय खाल्लं, शेजारच्या पलंगावरचा कसा घोरतो, डावा गुडघा काय म्हणतो. "आकडे तू बघच," तो म्हणायचा, "पण आधी मी सांगतो ते ऐक." उल्का ते निरोप सकाळी संहिताचा डबा भरताना ऐकायची. संहिता तिच्या डचच्या चुका काढायची आणि हूबच्या ब्राबांटी, म्हणजे आमच्या या भागातल्या, उच्चारांची नक्कल करायची.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत दुसऱ्या रविवारी पाऊस होता. शर्यतीचा पंधरावा टप्पा. एका गावातल्या ओल्या चौकात वीसेक स्वार एकमेकांवर आदळले, त्यात हूब होता. हेल्मेटला चीर गेली. संघाच्या डॉक्टरने रस्त्याच्या कडेला नियमाप्रमाणे त्याला तपासलं: आज वार कोणता, हे पाच शब्द उलटे सांग, एका पायावर उभा राहा. सगळं त्याने बरोबर केलं. दुसऱ्या दिवशी विश्रांती होती. तेव्हा पुन्हा तपासलं, पुन्हा बरोबर. मंगळवारी तो सायकलवर बसला.

मंगळवारच्या माहितीत उल्काला थोडं खटकलं. बुधवारच्या माहितीत ती अडकून पडली.

तिसऱ्या आठवड्यात स्वार कसे दिसतात हे तिला पाठ होतं. गाल आत जातात, हृदयाचे ठोके वर चढायलाच तयार नसतात, पाय आहेत पण मालकाचं ऐकत नाहीत. ते सगळं हूबमध्ये होतं आणि सगळ्यांमध्येच होतं. पण हूबच्या उतारांत आणखी काहीतरी होतं. हूब उतारावर शहाणा माणूस होता. चौदा वर्षांत त्याचे ब्रेक ठरलेल्या जागी लागायचे. बुधवारी तीन वळणांवर ते उशिरा लागले होते आणि मग घाबरल्यासारखे जोरात. एका सरळ रस्त्यावर अकरा सेकंद त्याने पायच मारले नव्हते. कारण काही नव्हतं. पुढे कोणी थांबलं नव्हतं, वळण नव्हतं. जणू आपण काय करतोय हे माणूस विसरला.

तिने पुन्हा पुन्हा तपासलं. मग सव्वापाच वाजता हूबच्या नावापुढे लाल टाकला आणि खाली एक ओळ लिहिली: मेंदूला मार लागल्याची शक्यता, उद्या उतरवू नये.

ती घरी आली. साडेसात वाजले असतील. इथे जुलैत साडेसातला लख्ख ऊन असतं. सतीश मागे टोमॅटोंना पाणी घालत होता, संहिता शेजाऱ्यांच्या ट्रॅम्पोलिनवर होती. रूलोफचा फोन आला. रूलोफ संघप्रमुख, स्वतः जुना शर्यतपटू. शर्यतीत संघाच्या मोटारीतून मागेमागे जाणारा आणि रोज कोण काय करणार ते ठरवणारा. तो कधी आवाज चढवायचा नाही.

त्याने सांगितलं की आठातले दोघं आधीच घरी गेलेत. संघाचा नायक तिसऱ्या क्रमांकावर आहे, असं या संघाच्या इतिहासात कधी झालेलं नाही. शुक्रवारी एकोणिसावा टप्पा, तीन डोंगर, आणि दुसऱ्या डोंगरापर्यंत त्याला ओढून नेणारा हूबशिवाय कोणी नाही. डॉक्टर म्हणतो माणूस ठीक आहे. मग त्याने विचारलं, "तुझ्या या हिशेबात चूक असू शकते का?"

उल्का म्हणाली, असू शकते.

"किती?"

ती खोटं बोलणारी बाई नव्हती. तिने सांगितलं की दहातल्या तीन वेळा हे नुसतं थकल्यामुळेही दिसू शकतं.

"म्हणजे नक्की नाही," रूलोफ म्हणाला. "नक्की नसेल त्याला तुम्ही पिवळा म्हणता ना?"

तिने विचार करते म्हणून फोन ठेवला. पाच मिनिटांत हूबचा निरोप आला. चाळीस-पन्नास सेकंदांचा. तो मी नंतर ऐकला आहे. मला डच बरं येतं, म्हणून उल्काने मला ऐकवला होता. आपल्याला नीट कळलंय ना, याची तिला खात्री करून घ्यायची होती. तिला नीटच कळलं होतं.

हूब म्हणत होता, "उल्का, रूलोफने सांगितलं तू मला लाल केलंस. तुला मी खोटं सांगणार नाही. डोकं दुखतंय. उतारावर कधी कधी रस्ता दोन दिसतो. मग एक डोळा बारीक केला की जातं. आनेकेला सांगितलेलं नाही, ती लगेच गाडी काढून येईल. चार दिवस राहिलेत गं. मला घरी पाठवू नकोस."

आनेके म्हणजे त्याची बायको.

उल्का स्वयंपाकघरात उभी होती. गॅसवर वरण होतं. सतीशने आत येऊन विचारलं, काय झालं? ती काही नाही म्हणाली. तिने पानं घेतली, संहिताला हाक मारली, दोघांना वाढलं. मग लॅपटॉप उघडून लालचा पिवळा केला आणि खालची ओळ काढून टाकली. आठला पाच मिनिटं कमी होती. हूबला तिने निरोप पाठवला की पिवळा केलाय, उतारावर मागे राहा, घाई करू नकोस. त्याने उत्तरात नुसता अंगठा पाठवला.

गुरुवारी काहीच झालं नाही. टप्पा सपाट होता. हूबने सतरा बाटल्या वाहिल्या, हसत मुक्कामाला आला, निरोपात म्हणाला की आज रात्रभर झोपणार आहे. उल्काने मला नंतर सांगितलं की त्या गुरुवारइतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. तिला वाटलं, दहातल्या तीन वेळांपैकी ही एक. संध्याकाळी ती संहिताला घेऊन आइस्क्रीम खायला गेली. आम्ही तिथे भेटलो होतो. छान दिसत होती.

शुक्रवारी ऑफिसात मोठा टीव्ही लावला होता. वर्कशॉपमधले मेकॅनिक, हिशेब बघणारी बाई, सगळे समोर बसले होते. पहिल्या डोंगरावर हूब पुढे होता. दुसऱ्या डोंगरावर तर बराच वेळ तोच सगळ्या घोळक्याच्या पुढे दिसत होता, तोंड उघडं, मान एका बाजूला. माथ्याजवळ त्याचं काम संपलं आणि तो बाजूला होऊन मागे पडला. ऑफिसातल्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरा पुढच्यांबरोबर गेला.

उतारावर काय झालं ते टीव्हीवर दिसलंच नाही. निवेदक एकदा म्हणाला की मागे एक स्वार पडल्याची बातमी आहे. मग पुन्हा पुढची चढाओढ. संघाचा नायक त्या दिवशी दुसरा आला. लोक उठून एकमेकांना मिठ्या मारत होते, कोणीतरी थंड बिअर आणली होती, आणि उल्काही उभी राहून हसत होती. मग हिशेबवाल्या बाईने फोन कानाला लावला आणि खाली बसली.

ते वळण अवघड नव्हतं. रस्ता कोरडा, रुंद, ऊन स्वच्छ. मागून येणाऱ्या दोन स्वारांनी सांगितलं की हूब वळलाच नाही, सरळ गेला. कठड्यावरून खाली दगडांत.

हेलिकॉप्टरने त्याला हॉस्पिटलात नेलं. बावीस दिवस तो बेशुद्ध होता. रविवारी शर्यत संपली, तेव्हा संघाचा नायक तिसऱ्या पायरीवर उभा राहिला आणि हे हूबचं आहे म्हणाला. तो रडला. खोटं रडला नसावा.

सोमवारी हँडलवरची डबी बेस्टला आली. ती फुटली नव्हती. कोणीतरी सवयीने नेहमीसारखी उल्काच्या टेबलावर ठेवली. ती वाचायला तिला कोणी सांगितलं नव्हतं, नको असंही कोणी म्हटलं नव्हतं. तिने वाचली. वेग ताशी चौऱ्याहत्तर, मग शून्य. ब्रेक शेवटपर्यंत लागलेलाच नव्हता. ठोके मोजणारा छातीचा पट्टा मात्र चालू राहिला होता. वेग शून्य, पायांचा जोर शून्य आणि हृदयाची रेघ सव्वीस मिनिटं पुढे गेलेली, डॉक्टरांनी पट्टा कापेपर्यंत. हे तिने मला कालव्याच्या काठी चालता चालता सांगितलं.

हूब जगला. सप्टेंबरात त्याला हॉलंडला आणलं. डावा हात लुळा, उजवीकडचं दिसत नाही, बोलणं सावकाश. तो जुलै त्याच्या डोक्यातून पार पुसला गेला होता. शर्यतीला निघाल्याचंही त्याला आठवत नव्हतं. आधीचं आठवायचं, लग्न, आईचं घर, जुन्या शर्यती. पण नवीन काही सांगितलं की दुपारपर्यंत गळून जायचं.

ऑक्टोबरात संघाने चौकशी नेमली. बाहेरची एक वकीलबाई आली. कोण काय म्हणालं हे मला उल्काकडून कळलं, पण नंतर अहवालही मी वाचला आणि तिने काही वाढवून सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाला तपासण्या नियमाप्रमाणे झाल्या. रूलोफ म्हणाला की आपण फक्त मत विचारलं, निर्णय तिचा होता. आणि कॉम्प्युटर काही विसरत नाही. बुधवार, पाच वाजून बारा मिनिटं, लाल. सात पंचावन्न, पिवळा. दोन्हींपुढे तिचं नाव.

वकीलबाईंनी विचारलं, का बदललं? उल्काने फोनची गोष्ट सांगितली. चुकीची शक्यता किती हे आपण सांगितलं, हेही सांगितलं. आणखी काही कारण होतं का, असं त्यांनी दोनदा विचारलं. ती नाही म्हणाली.

हूबचा निरोप तिने दाखवला नाही.

यावरून सतीशचं आणि तिचं मोठं भांडण झालं. सतीश साधा माणूस, हिशेबी नाही, सरळ. त्याचं म्हणणं होतं की त्या माणसाने स्वतः सांगितलं होतं, विनवलं होतं, ते लपवून तू सगळा दोष एकटीच्या अंगावर का घेतेस? शेवटी तो वैतागून म्हणाला, "तू त्याला वाचवत नाहीयेस उल्का. तू स्वतःला शिक्षा करून घेतेयस."

ती म्हणाली, "त्याला आता स्वतःची बाजू मांडता येत नाही. हा निरोप त्यांना मिळाला ना, की ते म्हणतील, बघा, त्यानेच लपवलं. आणि तिथेच सगळं मिटवतील."

"आणि तुझ्याबद्दल काय म्हणतील?"

"माझ्याबद्दल जे म्हणतील ते खरंच आहे. त्याने मला सांगितलं होतं. रस्ता दोन दिसतो म्हणून सांगितलं होतं, सतीश. ऐकून मी वरण वाढलं."

अहवालात शेवटी असं आलं की हेतुपूर्वक चूक कोणाची नाही, पद्धतीत त्रुटी होती आणि माहितीचा अर्थ लावताना एका कर्मचाऱ्याकडून गफलत झाली. नाव नव्हतं, पण ते काम करणारी माणसं त्या ऑफिसात किती होती? एकच. डिसेंबरात तिचा करार संपला तो पुढे वाढला नाही. रूलोफ पुढच्या वर्षीही त्याच मोटारीत होता.

तो हिवाळा तिने घरात काढला. मंडळातले लोक आता हसत नव्हते, पण फारसे फोनही करत नव्हते. काय बोलायचं हा प्रश्न होता. मी जायची. कधी ती बोलायची, कधी आम्ही नुसती भाजी निवडायचो. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरने, तिला झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या ती घ्यायची नाही. संहिता आईशी अचानक मराठीत बोलायला लागली होती, मोडकंतोडकं, जपून, आजारी माणसाशी बोलावं तसं. ते ऐकवायचं नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी आनेके तिच्या दारात उभी राहिली. आधी कळवलं नव्हतं. इथे असं कोणी कोणाकडे जात नाही. उंच, सुकलेली, केस घाईत बांधलेले. ती आत आली पण कोट काढला नाही. सोफ्याच्या कडेवर बसली. उल्काने कॉफी विचारली, ती नको म्हणाली. तिने अहवाल वाचला होता. तिला फक्त एक विचारायचं होतं.

"हूबला माहीत होतं का?"

उल्का मला म्हणाली की वकीलबाईंना नाही म्हणणं जमलं होतं, या बाईला जमलं नाही. तिने फोन काढला आणि निरोप लावला. खोलीत हूबचा जुना आवाज आला, भराभर नाही पण धड, एकामागून एक नीट शब्द. आनेकेने सात महिने तो आवाज ऐकला नव्हता. तिने डोळे मिटले नाहीत, रडली नाही. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा लाव." उल्काने पुन्हा लावला.

मग आनेके म्हणाली की त्या दिवशी संध्याकाळी हूब तिच्याशीही बोलला होता. जेवण झकास आहे, हॉटेलमागे गाढवं आहेत, असलं काहीतरी. एवढं सांगून ती उठली. दारापाशी वळून म्हणाली, "माझा नंबर तुझ्याकडे होता."

होता. घरच्या माणसांचे नंबर संघातल्या प्रत्येकाकडे असायचे. उल्का हो म्हणाली. लाल राहू दे, पिवळा कर, रूलोफचं ऐक, हूबचं ऐक, हे सगळं तिने त्या संध्याकाळी मनात फिरवलं होतं. ओइर्सखोटला, सायकलने पंचवीस मिनिटांवर राहणाऱ्या बाईला एक फोन करावा, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. आनेकेने निरोप आपल्याला पाठवायला सांगितलं आणि ती गेली.

पुढे मे महिन्यात उल्काला कापेल आन डेन आयसेल नावाच्या गावी एका कंपनीत नोकरी मिळाली. ती कंपनी उंच इमारतींच्या लिफ्टची देखरेख करते. पुन्हा कंपनं मोजायची. रोज दीड तास जायला, दीड तास यायला. तिथे यंत्राने लाल दाखवलं की लिफ्ट आपोआप बंद पडते. कोणाला विचारावं लागत नाही. आठव्या मजल्यावरची म्हातारी माणसं फोन करून शिव्या देतात आणि उल्का त्या शांतपणे ऐकून घेते. त्या कामाबद्दल ती इतकंच म्हणाली.

जूनमध्ये आनेकेचा मेसेज आला. त्याच त्या माणसांना मदत कितीदा मागायची, असा त्याचा सूर होता. हूबला रोज तासभर चालवावं लागतं, नाहीतर पाय आखडतात. गुरुवारी तिला सकाळी कामावर जावं लागतं. जुने मित्र दोन-तीनदा आले आणि थांबले, संघातले तर एकदाच आले. शेवटी लिहिलं होतं: मला तू आवडत नाहीस. पण तू येशील आणि येत राहशील हे मला माहीत आहे.

उल्काने ऑफिसला सांगून गुरुवारची सुट्टी घेतली. त्याला आता दोन वर्षं झाली. सुरुवातीला सतीशला ते पसंत नव्हतं. मग तो काही बोलेनासा झाला, आणि आता पाऊस असला की तिला मोटारीने सोडून येतो. स्वतः आत जात नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. विटांचं छोटं घर, पुढे दोन फुटांची बाग. हूब खुर्चीत तयार बसला होता, बुटांच्या नाड्या आनेकेने बांधून दिलेल्या. मोठा सांगाडा, पण मांस उतरलेलं. उल्काकडे बघून तो हसला आणि विचारलं, "तू नगरपालिकेने पाठवलेली मदतनीस ना?" ती हो म्हणाली. दर गुरुवारी तो हेच विचारतो आणि दर गुरुवारी ती हो म्हणते. पहिल्या वेळी तिने खरं सांगितलं होतं, नावासकट, सगळं. त्याने ऐकलं, खूप वेळ तिचा हात धरून बसला, आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं, तू कोण? त्याला दर आठवड्याला तेच नव्याने ऐकवणं तिला जमेना. "सांगून मला बरं वाटतं," ती म्हणाली, "पण त्याला दर वेळी पहिल्यांदाच लागतं."

आम्ही कालव्याच्या रस्त्याने निघालो. ती त्याच्या उजव्या बाजूला, कारण तिकडचं त्याला दिसत नाही. तो मला त्याच्या आईच्या गाईंबद्दल सांगत होता. मागून घंटी वाजली. आठ-दहा हौशी सायकलवाले, रंगीत कपड्यांतले, आमच्या बाजूने सुसाट गेले. त्यांच्या वाऱ्याने तो हलला, उल्काची बाही घट्ट धरून उभा राहिला. ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. शब्द शोधायला त्याला वेळ लागतो, घाई केली तर चिडतो, म्हणून आम्ही थांबलो. शेवटी म्हणाला, "थंडी वाजतेय." उन्हाळा होता. उल्काने स्वतःचं जॅकेट काढून त्याच्या खांद्यावर टाकलं, लुळा हात बाहीत घातला आणि आम्ही परत फिरलो.

आनेके घरी आली होती. तिने मला नमस्कारापुरती मान हलवली. उल्काला ती बस म्हणाली नाही, पण दोन कप टेबलावर होते. उल्काने ते भरले. आज किती चालला, किती वेळा थांबला, उल्काने सांगितलं, आनेकेने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतलं. निघताना ती म्हणाली, पुढच्या गुरुवारी साडेनऊला ये, त्याचे केस कापायला न्यायचेत, एकट्या माणसाला तो आवरत नाही.

उल्काने फोन काढून वेळ टिपून घेतली.